माझ्या पाठीवर उमटलेले उत्तर

मी एक जुना लिहायचा पुठ्ठा आहे. मित्रांनो, परीक्षेला तुम्ही नेता तसाच, वर चिमटा असलेला. लाकडाचा भुसा दाबून मला घडवले आणि अमेरिकेतल्या डुलुथ गावातल्या एका दवाखान्यात धाडले. मूल व्हावे म्हणून तिथे जोडपी येतात. माझी गोष्ट मिरवून सांगण्यासारखी नाही, तरी सांगतो.

सुरुवातीला माझी फार वाहवा झाली. "एवढा एकच काय तो मजबूत," असे नर्स लोर्ना म्हणायची. बर्फाचे बूट दाराशी काढून माणसे आत येत आणि मला मांडीवर घेत. सगळ्यांचे बोलणे ठरलेले: "मुलगा काय, मुलगी काय, बाळ धडधाकट असलं म्हणजे झालं!" मग कागदावर भलतेच काही लिहीत. पेनांनी दाबून दाबून माझी पाठ मऊ पडली. लिहिलेले माझ्यावर उमटू लागले, पण ते कोणाच्या ध्यानात आले नाही. मीही बेफिकीर होतो.

मारेन आणि कर्टिस हाल्वर्सन यांना दोन मुलगे होते. तिसऱ्या वेळी मात्र उपचार घ्यावे लागले. प्रयोगशाळेत वाढवलेले त्यांचे दोनच भ्रूण हाती लागले: मुलाचा जोमदार, मुलीचा नाजूक. आणखी मिळण्याची आशा नव्हती. कोणता आधी गर्भाशयात सोडायचा, हे तिथे आईबापच ठरवतात. त्याच आठवड्यात दवाखान्याने एक प्रश्नावली काढली होती: निवडता आले, तर तुम्ही काय निवडाल? नाव लिहायचे नव्हते. नवराबायकोने एकमेकांचे पाहायचेही नव्हते.

आधी मारेनने लिहिले.

"अगं, किती दाबून लिहितेस! लोहारकाम आहे का?" कर्टिस हसला.

तिने कागद पेटीत टाकला आणि मला त्याच्या हाती दिले. खिडकीच्या उजेडात त्याने मला तिरपे धरले. जुन्या रेघांवर तिची अक्षरे ताजी होती. त्याला राहवले नाही, त्याने मोठ्याने वाचले, "मुलगी. अशक्त असली तरी. माझ्या मुलांना हे कधी कळू नये."

बाकांवर बसलेल्या इतर जोडप्यांनी माना वळवून पाहिले.

"आपले दोघं तुला पुरत नाहीत का गं?"

"पुरतात रे. म्हणूनच तर लाज वाटते."

"मग गाडीत 'काहीही चालेल' कशाला म्हणालीस?"

"तूही तेच म्हणालास ना? लिही ना आता तुझं, सगळ्यांदेखत!"

कर्टिसने पेनचे टोपण काढले आणि पुन्हा लावले.

थोड्या वेळाने लोर्नाने संमतीचा खरा कागद आणला. मारेनने जोमदार भ्रूणापुढे सही केली.

"थांब, घरी जाऊन बोलू," कर्टिस म्हणाला.

"काय बोलायचं राहिलंय? सगळ्यांनी ऐकलंय."

ती निवड तिने केलीच नाही, तिच्या लाजेने केली. आणि ती लाज चव्हाट्यावर आणली मी. आजही मला तोंड लपवावेसे वाटते.

लोर्नाने मला कपाटात टाकले. दोन वर्षांनी एकदा पुठ्ठे कमी पडले, तेव्हा मला बाहेर काढले. समोर मारेन होती, कडेवर तिचा तिसरा मुलगा, गुटगुटीत आर्नी. बोलता बोलता ती त्याच्या टाळूवर ओठ टेकवत होती. तिला दुसऱ्या भ्रूणाचे ठरवायचे होते: जपून ठेवायचा, दुसऱ्या जोडप्याला द्यायचा, की निरोप द्यायचा.

लोर्नाने आधी माझ्यावर जाड कागद पसरला. कर्टिसने पोराला घेतले आणि पाठ करून खिडकीशी उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

"सावकाश लिही. मी बघत नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली.

ती बराच वेळ लिहीत होती. काय लिहिले, ते मला कळले नाही, आणि तेच बरे झाले.

मित्रांनो, कोणी मनातले कागदावर उतरवत असेल, तर नजर वळवा. मला ते जमत नाही. तुम्हाला जमते.