पुलाशी, चार वाजता

"ती फोनवर हळू बोलायची हो. मला वाटलं, मैत्रीण असेल."

शेजारच्या कौशल्याकाकूंचा हा आवाज विजयाच्या कानात चौदा वर्षं मुक्कामाला होता. दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरचा जिना, खालची पायरी, पदरात तोंड घालून बसलेल्या काकू, आणि सकाळच्या गाडीनं कुणाबरोबर तरी निघून गेलेली त्यांची थोरली लेक. तेव्हा विजयाची क्षिप्रा नऊ वर्षांची होती, दोन वेण्यांची. जिन्यातल्या गर्दीतून वाट काढत दोरीवरच्या उड्या मारायला गेली होती.

आता ती तेवीस वर्षांची होती, आणि फोनवर हळू बोलत होती.

नोएडाच्या या फ्लॅटमध्ये येऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं. खिडकीबाहेर अजून मोहरीचं शेत होतं. फेब्रुवारीचं ऊन त्यावर हळद लावल्यासारखं पसरायचं, आणि पलीकडे अर्धवट टॉवर लोखंडी सळया वर करून उभे असायचे. घरात मात्र सगळं पूर्ण होतं. हॉलमध्ये फोन, क्षिप्राच्या खोलीत त्याचा जोडफोन, आणि नेहरू प्लेसच्या बाजारातून जुळवून आणलेला कॉम्प्युटर. यूपीएससीच्या नोट्ससाठी. दोनदा प्रिलिम हुकली होती, जूनमध्ये तिसरी.

विजया पहाडगंजच्या शाळेत मराठी शिकवायची. 'पळत गेला' आणि 'पळून गेला' यांतला फरक मुलांच्या वहीत लाल शाईनं दाखवणारी बाई ती. बुधवारी नोकरदारांच्या चार्टर्ड बसनं घरी आली, चपला काढल्या, आणि बंद दाराआडून लेकीचा आवाज ऐकून तशीच थांबली.

"अमोल यार, आधी तू जा. मी मागून येते. आणि काम झालं की बिल्कुल थांबायचं नाही, पळून जायचं."

अमोल म्हणजे परभणीचा मुलगा. क्षिप्राच्या क्लासमध्ये होता. आता अभ्यास सोडून गुडगावच्या कुठल्याशा कॉम्प्युटर कंपनीत लागला होता. दिवाळीत फराळाला आला तेव्हा आठ चकल्या खाल्ल्या होत्या. विजयानं कौतुकानं वाढल्या होत्या. आता तिला त्या आठही आठवल्या.

शुक्रवारी लेकीची उशी झटकताना खालून कागद पडला. क्षिप्राचंच गिचमिड अक्षर.

'पहिल्यांदा फक्त बघून येणे. रस्ता पाठ करणे. सामान कमी घेणे, जड झालं तर पळता येत नाही. सूर्य पाठीशी. एकदा टाकलं की मागे वळून बघायचं नाही. रवि. ४ वा. पुलाशी.'

विजया पलंगावर बसली. पूल म्हणजे यमुनेवरचा, निजामुद्दीनचाच. पूल ओलांडला की स्टेशन. आणि 'टाकलं' म्हणजे कुणाला टाकलं? आईबापांनाच ना!

रात्री तिनं नवऱ्याला विचारलं, "अहो, घरात काही वेगळं वाटत नाही का तुम्हाला?"

"वाटतं ना," सुधाकर पेपर न हलवता म्हणाले. "पाण्याची मोटर आज वेळेवर चालली."

तर हा असा आधार. सगळं तिलाच करायचं होतं. शनिवारभर ती लेकीकडे बघत राहिली. क्षिप्रानं केस धुतले, संशय. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या, संशय. "आई, तुझी भाजी मस्त झालीये," म्हणाली, तेव्हा तर विजयाला हुंदकाच फुटायचा बाकी राहिला.

रविवारी सुधाकर सोसायटीच्या मीटिंगला गेले. पावणेचारला विजयानं बाहेरच्या दाराला आतून कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि दारातच खुर्ची टाकून बसली. चार वाजले. क्षिप्रा खोलीतून आली ती स्वयंपाकघरात गेली, पाणी प्यायली, आणि परत आपल्या खोलीत जाऊन तिनं दार लावून घेतलं.

म्हणजे आधी फोन. विजयानं हॉलमधला रिसीव्हर उचलून कानाला लावला.

आतून माणसाचा आवाज नाहीच. कुणी पत्रा खरवडावा तशी किंकाळी, खर्रर्र, चिंई.

"आई!" खोलीतून ओरडा आला. "फोन ठेव! पडले मी!"

पडले! विजया धावत सुटली. दार ढकललं. क्षिप्रा खुर्चीत धडधाकट बसली होती, हातात कॉम्प्युटरला जोडलेला काळा दांडा. पडद्यावर तपकिरी जमीन, निळी नदी, नदीवर काडेपेटीएवढा पूल.

"अमोलची लाइन तुटली ना! आता कुठे पुलाशी पोचलो होतो."

"हा… हा पूल?"

"मग कुठला? विमानातून पाडायचाय. कॉम्प्युटरला फोनची तार जोडली की दोघांना खेळता येतं, म्हणून त्यानं शिकवलंय. मी एकदम नवीन आहे, रोज आपटते." क्षिप्रानं मान वळवली. "तू अशी का बघतेस? आणि कमरेला ते काय?"

विजयानं किल्ली काढून टेबलावर ठेवली. "दाराला कुलूप लावलंय मी. मला वाटलं, तू पळून जातेस. अमोलबरोबर."

क्षिप्रा हसली, हसता हसता वाकली, डोळे पुसले. "अगं, त्याच्या घरी मुली बघतायत त्याला! पळून म्हणजे तोफांपासून. त्या वर मारणाऱ्या… काय म्हणतात मराठीत?"

"विमानविरोधी," विजया सवयीनं म्हणाली. मग पलंगाच्या कडेवर टेकली. "दाखव बरं मला."

क्षिप्रानं पहिल्यापासून सुरू केलं. नदी धरून खाली खाली आली. "नव्या माणसाची नजर पुलाला चिकटते बघ. मग जमीन कधी जवळ आली ते कळतच नाही." तिनं बटण दाबून बॉम्ब टाकला. धूर उठला. पुलाचं एक टोक कोसळलं, दुसरं उभंच. क्षिप्रानं विमान वळवलं आणि त्याच वाटेनं परत आत घुसवलं. तोफा आता जाग्या होत्या. पडदा लाल झाला.

"परत कशाला गेलीस त्याच वाटेनं?" विजया कळवळून म्हणाली, जणू खरंच लागलं होतं. "तू तर कागदावर लिहिलंयस, मागे बघायचं नाही."

"तू कागद पण वाचलास?"

"वाचला."

क्षिप्रा यावर चिडली नाही. दांडा हातातच होता, पण हात हलत नव्हता. बाहेर मोहरीत कुणीतरी गायी हाकत होतं, हुर्र, हुर्र. विजयाला वाटलं, झालं, फिटला संशय. ती उठायला लागली.

"चहा टाकते. खेळ थोडा, मग अभ्यासाला बस. जून काही लांब नाही."

"आई, बस ना."

विजया बसली. क्षिप्रा लाल पडद्याकडेच बघत होती, आणि आवाज फोनवरच्यासारखा हळू होता.

"जूनमध्ये मी बसत नाहीये. यंदाचा फॉर्म मी भरला, बाबांना दाखवला, पण पोस्टात टाकलाच नाही."