नकाशावरची तुटक रेघ

बहिणीचं पत्र येऊन सहा वर्षं झाली होती आणि दादांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. ते हरवलं असतं तर एक वेळ बरं झालं असतं. पण ते शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात होतं, कुठल्या पानात तेही ठाऊक होतं, आणि त्या खंडातला शब्द अडला की दादा तो न बघताच पुढे जात. ज्याने उभा जन्म छापखान्यात प्रूफं वाचण्यात काढला त्याने शब्दकोशाला भ्यावं, म्हणजे कमालच.

पत्र लांबलचक नव्हतं. वर खुशालीचा मजकूर आणि खाली चार ओळी. 'कपाट आवरताना जमिनीचा नकाशा सापडला. त्यावर कपाचा डाग आहे. तू तो कप उचलून पाहिलास आणि परत होता तिथेच ठेवलास, ते आज आठवलं. दादा, ती रेघ तुला तेव्हा दिसली होती का?'

त्या रेघेची हकिगत अशी. अठ्ठावीस वर्षांपूर्वी दोन्ही घरांनी मिळून शहराबाहेर जमिनीचा एक तुकडा घेतला. कल्पना दाजींची, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याची. दाजी घड्याळं दुरुस्त करायचे, पण स्वतः कायम घाईत. "आज घेऊन टाकू. पोरं मोठी होईपर्यंत पडून राहील. जमीन काही खायला मागत नाही. मग दोन घरं बांधू शेजारी शेजारी, मध्ये भिंतसुद्धा नको," ते म्हणाले होते.

दलालाच्या ऑफिसात दादा, दाजी आणि बहीण बसले होते, टेबलावर नकाशा पसरला होता. तो सारखा गुंडाळला जात होता, म्हणून चार कोपऱ्यांवर चार चहाचे कप ठेवले.

"कागद आमच्या भिंगाला द्या," दाजी म्हणाले. छापखान्यात दादांना भिंगच म्हणत. "त्याला चूक सापडली नाही, तर ती ब्रह्मदेवालाही सापडायची नाही!"

दादांनी खरेदीखत तीनदा वाचलं. नावं, आकडे, चारी बाजूंच्या हद्दी, सगळं जिथल्या तिथे. मग त्यांची नजर नकाशाकडे गेली. मोठ्या रस्त्याची रेघ सलग होती. त्यातून फुटून आपल्या तुकड्याकडे येणारी रेघ मात्र कपाखाली शिरताना तुटक झालेली दिसली. दादांनी कप उचलला. पार टोकापर्यंत तुटकच. छापखान्यात हाताखालून गेलेले नकाशे काय थोडे होते? जे अजून झालेलं नाही, नुसतं व्हायचं आहे, ते असं तुटक काढतात, हे त्यांना पाठ होतं.

'हा रस्ता आहे, की व्हायचाय?' एवढंच तर विचारायचं होतं. प्रश्न अगदी ओठांवर आला. पण दलाल कुठल्याशा विनोदावर खदाखदा हसत होता, दाजींनी पेनाचं टोपण काढलं होतं, दाराशी तीन अनोळखी माणसं ताटकळत उभी होती. चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की दादांच्या घशाला लहानपणापासून कोरड पडे. या लोकांना कळत असेलच की, आपण आपलं शहाणपण कशाला पाजळायचं, असं मनाशी म्हणत त्यांनी कप होता तिथे ठेवला.

"काय रे भिंगा?" दाजींनी विचारलं.

"काही चूक नाही," दादा म्हणाले.

आणि कागदात खरोखरच चूक नव्हती.

रस्ता झालाच नाही. समोरच्या जमिनीचा मालक काही वर्षं आपल्या शेतातून जाऊ देत होता. पुढे त्याने भिंत घातली आणि यांचा तुकडा आत कोंडला गेला. दाजींनी आधी हसण्यावारी नेलं. "हप्त्यावर हेलिकॉप्टर घेऊ," म्हणायचे. मग हसू आटलं. घरी कुणी पाहुणा आला की म्हणायचे, "घाई माझी हो. दादाने बिचाऱ्याने कागद तीनदा वाचला होता." त्या वेळी दादा बशीत बघत बसत. पत्र आलं त्याच्या पुढच्या वर्षी दाजी गेले. दादा भेटायला गेले तेव्हा बहिणीने पाणी दिलं, पण पत्राचा विषय काढला नाही. ते तिने न विचारणंच दादांना सर्वांत जड गेलं होतं.

आज सकाळी भाची आली. ही बहिणीची एकुलती एक मुलगी, इस्पितळात परिचारिका. रात्रपाळी संपवून, घरी न जाता थेट इकडेच.

"मामा, समोरचा म्हातारा वाट द्यायला तयार झालाय! आपण त्याला मागचा कोपरा द्यायचा, तो भिंत पाडून गाडी जाईल एवढी वाट देणार. त्याच्या मुलांना हे पसंत नाही, पण जमीन अजून त्याच्या नावावर आहे. पुढच्या सोमवारी त्याचं हृदयाचं ऑपरेशन आहे. त्याआधी सह्या झाल्या तर झाल्या."

"मग अडलंय कुठे?" मामींनी आतून विचारलं.

"तुझी सही हवी मामा, आणि आईची. तू देशीलच. आई तिकडे गावी अडून बसलीय. म्हणते, आधी दादाचं उत्तर येऊ दे. कसलं उत्तर रे?"

दादांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

"यांच्याकडून उत्तर?" मामी बाहेर येत म्हणाल्या. "लग्न ठरल्यावर मी तीन पत्रं लिहिली. यांचं एक आलं, तेही माझ्याच पत्रातल्या चुका दुरुस्त करून!"

भाची खळखळून हसली. "फोन कर म्हटलं, तर आई म्हणते, फोनवर तो अं-अं करत बसेल. कागदावर हवं. मामा, बाबा शेवटच्या दिवसांतसुद्धा मला म्हणत होते, तुझ्या बापाच्या घाईपायी तुझं घर गेलं बघ. मला घर नको रे. पण आई ते ऐकत बसायची ना, तिचा चेहरा..." तिने वाक्य सोडून दिलं, कराराचे कागद टेबलावर ठेवले आणि पर्स उचलली. "तुमचं काय असेल ते मिटवा."

ती गेल्यावर दादांनी शब्दकोशाचा दुसरा खंड काढला. पत्राची घडी पिवळी पडली होती.

दीड पान लिहून झालं. त्यात दलालाचं हसणं होतं, दाराशी उभी माणसं होती, घशाची कोरड होती. दादांनी लाल पेन घेतलं आणि दुसऱ्याचं प्रूफ वाचावं तसं वाचू लागले. एकही वाक्य खोटं नव्हतं, तरी एकेक करून सगळी कापावी लागली. शेवटी उरलं ते त्यांनी कोऱ्या कागदावर उतरवलं.

'हो, दिसली होती. तिचा अर्थही कळला होता. मी विचारलं नाही. दाजींनी घाई केली म्हणून नाही, मी गप्प बसलो म्हणून हे झालं. ते जिवंत असताना हे सांगायला हवं होतं, तेही सांगितलं नाही. कागदांवर माझी सही करून पाठवतो आहे. तुझी कर. माझ्याशी बोलायचं की नाही, ते त्यात धरू नकोस.'

मामींनी हात पुढे केला. त्यांनी ते उभ्या उभ्याच वाचलं. "मलासुद्धा नाही सांगितलंत," एवढंच म्हणाल्या. मग खणातून पाकीट काढून दिलं आणि आत निघून गेल्या.

पोस्टात रांग होती. खिडकीपाशी पोचल्यावर दादांनी विचारलं, "हे शनिवारपर्यंत पोचेल?"

"पोचेल," कारकून मान वर न करता म्हणाला.

"नक्की पोचेल, की पोचायला हवं?"

कारकुनाने मान वर केली. मागून कुणीतरी म्हणालं, "आजोबा, आटपा की."

दादांचे कान तापले. घशाला कोरड पडली. ते खिडकीपासून हलले नाहीत.

"रजिस्टर करा," कारकून जरा नरमाईने म्हणाला. "मग शुक्रवारीच मिळेल. हातात देऊन सही घेतात."

"तिच्याच हातात?"

"त्यांच्याच."

दादांनी पाकीट खिडकीतून आत सरकवलं. कारकुनाने त्यावर शिक्का मारला आणि मागच्या थैलीत टाकलं.