अकरा बोल्टांची वाट

मेस्त्री गेला त्यानंतर तीन आठवड्यांनी, एका शनिवारी दुपारी, मी त्याच्या शेवटच्या वाटेवरचे सहा बोल्ट काढून टाकले. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी माझी बाजू मांडणारच आहे, आणि मला ती चांगली मांडता येते. तेव्हा गुन्हा कुणाचा, हे वाचणाऱ्याच्या डोक्यात पक्कं असलेलं बरं.

मी दातांची डॉक्टर. आठवड्याचे सहा दिवस लोकांच्या दाढांत भोकं पाडते आणि सातव्या दिवशी गावाबाहेरच्या कड्यावर चढते. मेस्त्रीचं शिलाई मशिनं दुरुस्त करायचं दुकान होतं. त्या कड्यावर त्याने तीस वर्षांत एकशे त्रेचाळीस वाटा केल्या. वाट करणं म्हणजे वरून दोराला लटकायचं, सुटे दगड पाडायचे, काटेरी झुडपं उपटायची, हात-पाय ठेवायच्या पकडी ब्रशने घासायच्या, आणि मग ड्रिलने भोकं पाडून बोल्ट ठोकायचे. चढणारा खालून दोर घेऊन निघतो आणि एकेका बोल्टात तो अडकवत वर जातो. बोल्टाच्या एक हात वर असताना सुटलात, तर दोन हात खाली येता. एकेका वाटेला चार-चार रविवार लागतात. आम्ही बाकीचे आयत्या वाटांवर चढून फुशारक्या मारत होतो.

मेस्त्री बोल्टांच्या बाबतीत महाचिक्कू. "हे काय कपडे वाळत घालायचे खिळे आहेत, दिसेल तिथे ठोकायला?" असं म्हणायचा. त्याच्या वाटांवर दोन बोल्टांच्या मधल्या अंतरात माणसाला आपली सगळी पापं आठवायची. मला तर दोनदा आठवली आहेत. पण बोल्ट जिथे असायचा तिथे तो अगदी हवाच असायचा, आणि म्हणून लांबलांबून लोक त्याच्या वाटा चढायला यायचे.

आणि शेवटी त्याने हे काय करून ठेवलं? कड्याच्या डाव्या टोकाला, बारा मीटरच्या सोप्या भिंतीवर, अकरा बोल्ट! शिडीच झाली ती. दोन वर्षं त्या वाटेच्या पहिल्या बोल्टाला लाल फडकं बांधलेलं होतं. फडकं म्हणजे वाट अजून पुरी झालेली नाही, कुणी पाय ठेवायचा नाही. ज्याची वाट तो ती खालपासून वरपर्यंत, न पडता, न लटकता चढला की फडकं सुटतं, वाटेला नाव मिळतं आणि मग ती सगळ्यांची. आमचा हा एकमेव कायदा. तो मोडणाऱ्याशी लोक वर्षानुवर्षं बोलत नाहीत. मी स्वतः दोघांशी बोलत नाही.

मेस्त्रीला मी त्या शिडीबद्दल एकदा विचारलं होतं. तो नुसता हसला आणि ब्रश झटकत बसला. शेवटच्या काळात त्याचा हात थरथरायचा, गुडघे कुरकुरायचे. मी मनाशी ठरवून टाकलं की म्हातारा घाबरायला लागलाय.

तो गेल्यावर शोकसभा नको, असं मीच सगळ्यांना ठणकावलं. खुर्च्या मांडायच्या, माईक खरखरणार, ज्यांनी त्याला कधी पाणी विचारलं नाही ते त्याच्यावर तासभर बोलणार. त्यापेक्षा रविवारी सगळ्यांनी कड्यावर यायचं आणि त्याच्या एकूण एक वाटा एका दिवसात चढायच्या. सगळ्यांना पटलं. बाहेरगावची माणसंही येणार होती. आणि मग माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला, की ही साठ माणसं मेस्त्रीची शेवटची वाट म्हणून ती शिडी बघणार.

म्हणून शनिवारी दवाखाना लवकर बंद केला आणि गेले. सहा बोल्टांचे नट सोडले, दगडात उरलेले त्यांचे खिळे हातोडीने आत बसवले, भोकं दगडाची भुकटी आणि गोंद घालून बुजवली. दाढ भरावी तशी सफाईने. खाली उतरून बघितलं तर कुठे काही दिसेना. पाच बोल्ट राहिले होते, नेमके, मेस्त्रीच्या थाटाचे. त्याची लाज राखली असं मला वाटलं. घरी जाऊन पोटभर जेवले आणि गाढ झोपले.

रविवारी सकाळी सातलाच कडा माणसांनी भरला. कॉलेजात गणित शिकवणारे आमचे प्रोफेसर वाटांची यादी घेऊन दगडावर बसले. जो तो येऊन आपली वाट सांगे आणि ते नाव लिहून घेत. दुपारपर्यंत शंभरावर वाटा झाल्या. माणसं रडत होती, हसत होती, मेस्त्रीला शिव्या घालत त्याच्या लांब अंतरांवरून पडत होती. असा दिवस मी बघितला नव्हता.

वहिनी, म्हणजे मेस्त्रीची बायको, झाडाखाली बसून सगळं बघत होत्या. ठेंगण्या, साठीच्या, दुकानात त्याच्या शेजारी बसून शिवणकाम करणाऱ्या. तीस वर्षं त्यांनी खाली उभं राहून त्याचा दोर धरला. त्यांना चढताना आमच्यापैकी कुणीही बघितलेलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कुणी विचारलंही नव्हतं.

तीनच्या सुमाराला त्या उठल्या, प्रोफेसरांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "ती फडक्याची माझ्या नावावर लिहा."

प्रोफेसरांना वाटलं, कुणीतरी वहिनींच्या वतीने चढणार आहे. "कोण चढतंय, वहिनी?"

"मी."

पिशवीतून त्यांनी चढायचे बूट काढले. नवे नव्हते. अंगठ्याशी रबर झिजून दुसऱ्यांदा बसवलेलं होतं. आमची तोंडं बघून त्या जराशा लाजल्या. "मंगळवारी दुकान बंद असतं ना. इथे कुणी नसतं. ह्यांनी शिकवलं मला. वरून दोर लावला की पडायचं भय नसतं, तशी मी चारदा चढलेय ती. पण खालून दोर घेऊन जायचं म्हटलं की पाय गळायचे. पडायची फार भीती मला. म्हणून ह्यांनी बोल्ट असे जवळ जवळ ठोकले. म्हणायचे, नुसता पुढचा बोल्ट बघ, बाकी काही बघू नकोस. फडकं तुझं आहे, तूच सोड."

मी झाडाला टेकले.

वहिनी वाटेपाशी गेल्या, मान वर केली आणि तशाच उभ्या राहिल्या. त्यांचे ओठ हलत होते. "पाचच कसे?" त्या म्हणाल्या. "सहा कुठे गेले?"

आमच्यातच चढणारा एक पोस्टमन लगेच तापला. "चोरून नेले असतील! भंगारवाल्यांना काय, स्टील दिसलं की झालं. मेलेल्या माणसालाही सोडत नाहीत!" भोवती गर्दी जमली, सगळे चोरांना लाखोली वाहू लागले. मला आयती पळवाट मिळाली होती. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसणं किती सोपं असतं हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, कारण त्याआधी मी तो प्रयत्न कधी केला नव्हता. पण वहिनी बूट काढायला लागल्या. एका हाताने बंद सोडत होत्या आणि दुसऱ्या हाताने डोळे पुसत होत्या.

"मी काढले," मी म्हटलं.

कुणाला ऐकू आलं नाही, म्हणून मी ओरडले. "मी काढले! काल. फडकं असताना. मेस्त्री म्हातारपणी घाबरला असं मला वाटलं, लोक हसतील असं वाटलं. गाढवपणा केला. आता ज्याला माझ्याशी बोलायचं नसेल त्याने उद्यापासून बोलू नये. आज मला दोन तास द्या, ड्रिल आणि नवे बोल्ट गाडीत आहेत."

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं थोबाडीत देतील, आणि दिली असती तर बरं वाटलं असतं.

"भोकं कुठे होती, आठवतंय?" त्यांनी विचारलं.

"बुजवलीत. दिसत नाहीत आता. आणि बुजवलेल्यात पुन्हा बसणार नाही, बाजूला नवं भोक पाडावं लागेल."

"मला आठवतंय," त्या म्हणाल्या आणि बूट पुन्हा घातले.

आम्ही दोघी वरून सोडलेल्या दोन दोरांवर शेजारी शेजारी चढलो. जिथे बोल्ट हवा तिथे वहिनी थांबायच्या, दोन्ही पाय नीट रोवायच्या, उजवा हात कोपरात किंचित वाकवून वर न्यायच्या आणि दगडावर बोट टेकवायच्या. "इथे." मी मनाने ठोकला असता तर प्रत्येक बोल्ट वीतभर वर ठोकला असता. तिथे वहिनींचा हात पोचत नव्हता. मेस्त्रीने एकेका बोल्टासाठी किती वेळा वहिनींना इथे उभं करून बघितलं असेल! म्हातारा घाबरला होता म्हणे. मी भोकं पाडत होते, भुकटी डोळ्यांत जात होती, त्यामुळे डोळे पुसायला मला निमित्तही शोधावं लागलं नाही.

साडेपाचला अकरा बोल्ट पुन्हा जागेवर होते. आम्ही खाली आलो, वरचे दोर काढले. वहिनींनी खालून दोर बांधला आणि म्हणाल्या, "तूच धर."

"मी?"

"मग कोण? तुला माहीत आहेत ना आता सगळे बोल्ट."

त्या निघाल्या. सहा बोल्ट सुरेख गेल्या. सहाव्याच्या खाली, पायांशी, कड्यातून ओट्यासारखा एक दगड पुढे आलेला आहे. सहाव्याच्या वर त्यांनी डावा पाय उचलला आणि तो घसरला. एक बारीक किंकाळी, मग दोराला हिसका. मी दोर गच्च धरला होता. वहिनी लटकल्या होत्या, आणि त्यांचे पाय ओट्याच्या हातभर वर होते. सहावा बोल्ट मी काढलेल्यांपैकी होता.

वहिनी दोरावर हलत होत्या. मग त्या खाली बघून म्हणाल्या, "एवढंच?"

"काय, वहिनी?"

"एवढंच असतं होय पडणं?" त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांचा चेहरा बदलला. "अगं, आणि एवढ्यासाठी मी ह्यांना दोन वर्षं थांबवून ठेवलं. दर मंगळवारी म्हणायचे, आज जातेस का? मी म्हणायची, पुढच्या वेळी. बघायचं राहूनच गेलं त्यांचं."

मग मी म्हटलं, "वहिनी, त्याला घाई असती तर त्याने चार बोल्टांत उरकलं असतं. मेस्त्री होता तो."

प्रोफेसर यादी सावरत पुढे आले. "वहिनी, तिथूनच पुढे जा. आम्ही धरतो पुरी झाली म्हणून."

"अजिबात नाही," वहिनी वरून म्हणाल्या. "पडलेय मी. खाली सोड गं मला."

मी त्यांना खाली सोडलं. दोर ओढून काढला. त्या पाच मिनिटं बसल्या, पाणी प्यायल्या, माझ्याकडचा दोर आणि आपली गाठ तपासली आणि पुन्हा पहिल्या बोल्टापासून निघाल्या. सहाव्याच्या वर तोच डावा पाय त्यांनी दोन बोटं उजवीकडे ठेवला. मग सातवा, आठवा. नवव्यानंतर त्या बोल्टांकडे बघेनाशा झाल्या, वरच बघत होत्या. वाट संपते तिथल्या साखळीत दोर अडकवला तेव्हा सगळा कडा ओरडला. मी ओरडले नाही, माझे दोन्ही हात दोरावर आणि डोळे वहिनींवर होते.

खाली आल्यावर त्यांनी लाल फडकं सोडलं, त्यानेच कपाळावरचा घाम पुसला. प्रोफेसर पेन उघडून वाटेचं नाव विचारायला उभे होते, पण त्या त्यांच्याकडे बघतच नव्हत्या. त्या वाटेच्याही डावीकडे, जिथे अजून एकही वाट नाही, त्या भिंतीकडे बघत होत्या. फडकं झटकून घडी घालून त्यांनी पिशवीत ठेवलं.

"मंगळवारी ड्रिल घेऊन ये," त्या मला म्हणाल्या. "दवाखाना बंद ठेव."