पान एक्केचाळीस

"फोटोकॉपी तो दे दी थी, बाबूजी. अब असली में क्या हीरे जड़े हैं?"

कचेरीतल्या कुशवाहा बाबूंनी फाईल टेबलावर आदळली आणि पुन्हा आपल्या चहाकडे वळले. जगन्नाथराव पिंपळकरांनी कोपऱ्यातली खुर्ची स्वतःच ओढून घेतली, मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं. अकरा वाजून पाच मिनिटं. माहिती अधिकारात फाईल बघायला पहिला तास फुकट असतो, हे त्यांना पाठ होतं. एकोणचाळीस वर्षं रेल्वेच्या सिग्नल खात्यात काढलेला माणूस. सिग्नल बरोबर आहे असं दुसऱ्यानं सांगितलं म्हणून कधी मान डोलावली नाही, जाऊन बघितलं. तशीच ही फाईल बघायला ते आले होते.

प्रकरण साधं होतं. दतिया गेटजवळच्या त्यांच्या गल्लीत, थेट त्यांच्या दारासमोर, एक सरकारी हातपंप होता. कागदावर. लोखंडाचा म्हणाल तर त्याचा दांडासुद्धा कुणाच्या दृष्टीस पडला नव्हता. गल्लीतल्या बाया गेटापलीकडून पाणी आणत, आणि झाशीच्या मे महिन्यात ते आणणं म्हणजे काय, हे आणणारीलाच ठाऊक. पण पान एक्केचाळीसवर दाखला होता: पंप बसवला, चालू आहे, पाणी गोड आहे. खाली गल्लीतल्या चौदा बायकांच्या सह्या, तारीख बारा जून. पहिलीच सही अनुसूया पिंपळकर यांची, म्हणजे जगन्नाथरावांच्या बायकोची.

अनुसूयाबाई त्याच वर्षी मार्चमध्ये, होळीला चार दिवस असताना गेल्या होत्या.

मेलेल्या बाईची खोटी सही. तीन वर्षं जगन्नाथराव हे एकच वाक्य घेऊन या कचेरीतून त्या कचेरीत फिरत होते. आता कुठे ऐश्वर्या मॅडम म्हणून एक नवी अधिकारी आली होती आणि चार दिवसांनी सुनावणी लागली होती.

त्यांनी पान उलटलं आणि हात तसाच राहिला.

फोटोकॉपीत सह्यांशेजारी काळे डाग होते. शाई सांडली असेल असं त्यांना वाटायचं. इथे ते डाग पिवळे होते. प्रत्येक नावाशेजारी एकेक, बोटाच्या टोकाएवढा. पहिल्याच्या कडेला लालसर ठिपका. त्यांनी कागद नाकाशी नेला.

"अरे, सूँघ काहे रहे हैं?" कुशवाहा बाबू म्हणाले.

हळद होती ती. आणि सही अनुसूयेची होती. शेवटच्या अक्षराला शेपूट काढायची तिची खोड होती. पोस्टातला बाबू दरवेळी त्यावरून कुरकुरायचा आणि ती दरवेळी त्याच्याशी भांडून यायची. फोटोकॉपीत ते शेपूट नेमकं डागाखाली गेलं होतं. तीन वर्षं आपण जिला खोटी म्हणत होतो ती खरी होती, हे कळायला त्यांना पाच मिनिटं लागली. उरलेली पंचावन्न ते नुसते बघत बसले.

घरी आल्यावर त्यांनी शेजारच्या प्रेमलाला हाक मारली. प्रेमला बुंदेलखंडी घरातली, पण संक्रांतीचं हळदीकुंकू तिनं कधी चुकवलं नव्हतं. अख्ख्या गल्लीत मराठी घर एकच. अनुसूयाबाईंनी चाळीस वर्षांत सगळ्या गल्लीला हळदीकुंकवाला यायची सवय लावली होती.

"दद्दा, बा तो अरजी हती," प्रेमला म्हणाली. "ठेकेदार को आदमी आओ तो. बोलो, हैंडपंप के लाने औरतन के दसखत चानें. कोरो कागद हतो. भौजी ने कई, पैलें दसखत, फिर हल्दी मिलहै. खुद उँगरिया धर-धर कें बताओ, इतै करो, इतै करो."

म्हणजे कोऱ्या कागदावर सही कुठे करायची ते दाखवणारी, हळदीची चौदाही बोटं तिचीच.

जगन्नाथरावांना त्या संक्रांतीच्या दिवशीचं जेवण आठवलं. बायकांची गडबड म्हणून ते दुपारभर स्टेशनाकडे जाऊन बसले होते. रात्री पानावर बसल्यावर ती म्हणाली होती, "अहो, आज मी एक मोठं काम केलंय."

"काय?" त्यांचं लक्ष बातम्यांत होतं.

"आत्ता नाही. पाणी आलं की सांगीन."

पुन्हा त्यांनी विचारलं नाही. तिनं सांगितलं असतं तर ते ओरडले असते, अगं कोऱ्या कागदावर सह्या कुणी करतं का, म्हणून. तिला तेच नको असणार. त्यांना पाणी दाखवूनच गप्प करायचं होतं तिला. पण दीड महिन्यात ती गेली, आणि बाकीच्या बायकांना वाटलं, अर्जी होती, गेली बासनात. पहिलीच सही खोटी धरल्यावर बाकीच्या तेराजणींना जगन्नाथरावांनी कधी विचारलंच नव्हतं.

त्यांची मुलगी नीरजा बबिन्याहून सुनावणीसाठी आली. ती तिथल्या शाळेत शिकवते. मराठी कळतं सगळं, बोलताना गाडी हिंदीच्या रुळावर जाते.

"बाबा, तुम्ही फक्त एवढंच बोला, ये आई का साइन नहीं है. केस ख़त्म."

"तिचीच आहे."

"मला माहितीये. उनको थोड़ी पता है! तुम्ही हो म्हणालात तर ते म्हणणार, सही असली तो पंप भी असली. तीन साल पानी में."

"पंप कुठाय, आहे कुठं? येऊन बघा म्हणावं."

"बोलेंगे चोरी हो गया. उखाड़ ले गए. बाबा, प्लीज."

नीरजाचं चुकत नव्हतं, हे त्यांना कळत होतं. चोराला चोर म्हणायला एक 'नाही' पुरे होतं. पण त्या बाईच्या हातचं आता घरात काय उरलं होतं? लोणच्याची शेवटची बरणी संपूनही दोन वर्षं झाली होती. सगळ्या जगात तिची चौदा बोटं एका सरकारी फाईलमध्ये होती, आणि मी चारचौघांत उभा राहून सांगू की ही कोण बाई, मी ओळखत नाही?

"नाही जमायचं मला," ते म्हणाले. नीरजा रडली.

सुनावणीला खात्याचा इंजिनिअर तयारीनं आला होता. ऐश्वर्या मॅडमनी फाईल पुढे सरकवली.

"पिंपळकर जी, ये हस्ताक्षर आपकी पत्नी के हैं?"

"जी. उन्हीं के हैं."

इंजिनिअर हसला. "देख लीजिए मैडम. शिकायत ही झूठी निकली. तारीख तो बाबू की गलती है. हस्ताक्षर पंप पर, मौके पर लिए गए थे."

"मौके पर पंप नहीं, हल्दी थी," जगन्नाथराव म्हणाले. त्यांनी टेबलाची कड धरली. "संक्रांत का दिन था. मेरे घर में लिए गए. कागज कोरा था. मेरी पत्नी ने गलती की मैडम, भरोसा किया. वो गलती मैं मानता हूँ. झूठ उसने नहीं लिखा."

हळदीकुंकू म्हणजे काय ते नीरजानं सांगितलं. प्रेमला मागून ओरडली, "काए, पंप के ढिंगाँ ठाँड़ी होकें हल्दी को लगाउत?"

पंपापाशी उभं राहून हळद कोण लावतं, या प्रश्नावर मॅडम हसल्या नाहीत. कागद उचलून त्या खिडकीपाशी गेल्या आणि बराच वेळ उन्हात धरून उभ्या राहिल्या. वरच्या डाव्या कोपऱ्यात आणखी एक डाग होता, थोडा मोठा. कागद हलू नये म्हणून कुणीतरी तिथे अंगठा दाबून धरला होता.

"इंजिनियर साहब, इधर आइए. छपाई हल्दी के ऊपर है. देखिए, 'चालू अवस्था में', ये अक्षर पीले दाग के ऊपर छपे हैं. हल्दी पहले लगी. प्रमाणपत्र बाद में छपा."

इंजिनिअरनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. जगन्नाथराव 'नाही' म्हणाले असते तर तो कागद उन्हात धरायची कुणाला गरजच पडली नसती, आणि दाखला सह्यांनंतर छापला हे कधी उघड झालं नसतं, हे नीरजाच्या नंतर लक्षात आलं. तिनं बापाचा हात धरला आणि जिना उतरेपर्यंत सोडला नाही.

पुढचं सरकारी चालीनं झालं, पण झालं. इंजिनिअर निलंबित, ठेकेदार काळ्या यादीत. गल्लीच्या तोंडाशी फळा लागला: काम कोणतं, कुणी केलं, तक्रार कुणाकडे करायची. दिवाळीनंतर बोअरचं यंत्र आलं, दोन दिवस सगळी गल्ली धुळीनं पांढरी केली, आणि तिसऱ्या दिवशी प्रेमलानं दांडा मारला तेव्हा आधी गढूळ, मग स्वच्छ पाणी आलं. बायकांनी पंपाला कुंकू लावलं. जगन्नाथराव दारात उभे होते. पाणी आलं होतं, पण सांगणारी नव्हती. ते आत गेले आणि दार लोटून बसले.

संक्रांतीच्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते कचेरीत गेले. हातात अर्ज होता.

कुशवाहा बाबूंनी वाचला. "फ़ाइल का निरीक्षण? बाबूजी, आप तो जीत गए. अब क्या देखना है?"

"पान एक्केचाळीस."

कुशवाहा बाबूंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग उठून फाईल आणली, या वेळी आदळली नाही. बसायचा कोपरा झटकला, स्वतःची गादीची खुर्ची ओढून दिली. जगन्नाथरावांनी त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

हळद थोडी फिकी झाली होती. कुंकवाचा ठिपका तसाच होता. त्यांनी कागदाला हात लावला नाही, पुरावा होता तो. नुसते वाकून बसले. एकदा काहीतरी पुटपुटले. कुशवाहा बाबूंना 'पाणी' एवढाच शब्द कळला.

साठ मिनिटं झाली तसे ते उठले. फाईल बांधली, फितीची गाठ नीट मारली.

"बैठिए बाबूजी," कुशवाहा बाबू हळूच म्हणाले. "घड़ी कौन देख रहा है?"

"नहीं भैया, घंटा हो गया." त्यांनी घड्याळ मनगटाला बांधलं. "अगले साल फिर अर्ज़ी दूँगा."

आणि ते जिना उतरू लागले.