दोन डावे पंख

"हात लावू नको गं, गोंद ओला आहे," हे बाथरूममधून ओरडले.

माझा हात लावून झाला होता. टेबल पुसायला म्हणून दोन्ही पंख उचलून पलंगावर ठेवले, परत ठेवायला घेतले आणि तशीच उभी राहिले. काहीतरी खटकलं. मी एकेक पंख काड्यांच्या छोट्या विमानाच्या सांगाड्याला लावून पाहिला. डावीकडचा नीट बसला. उजवीकडचा बसेना. त्याची जाड, गोल कड पुढे असायला हवी, ती मागे जात होती. पालथा करून लावला तर कड पुढे आली, पण पंखाचं सपाट पोट वर आलं. दोन्ही चपला डाव्या पायाच्या आणाव्यात तसा प्रकार. यांनी दोन्ही पंख डावेच बांधले होते.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं. नवशिक्याच्या हातून ही चूक होते, हे मला यांनीच सांगितलंय. नकाशा एकाच पंखाचा काढतात. त्यावर काड्या टाचण्यांनी पक्क्या करून, फासळ्या चिकटवून पंख बांधायचा. दुसऱ्या पंखाच्या वेळी तोच पातळ कागद पालथा घालायचा, की डाव्याचा उजवा होतो. पालथा घालायचं विसरलं तर दुसराही डावा. रविवारी ही विमानं उडवायच्या मैदानावर कुणा नवीन माणसाला शिकवून आले की जेवताना हसायचे, "आज परत एकानं दोन डावे केले बघ."

हे म्हणजे किशनराव. पाणीपुरवठा खात्यात ड्राफ्ट्समन होते. रेष केसाएवढी जाड झाली तरी यांना जेवण गोड लागायचं नाही. मी सरू, सरकारी दवाखान्यात बत्तीस वर्षं नर्स. मूळचे आम्ही नांदेडकडचे, पण हैदराबादच्या मलकपेठेत इतकी वर्षं काढली की आता नांदेडला गेलो तर तिथले आम्हालाच हैदराबादी म्हणतात. घरात पाहुण्याला बसवायला धड जागा नाही आणि छताला विमानं लटकलेली. काड्यांची आणि पतंगी कागदाची. झाडू मारताना डोक्याला लागतात. मी कितीदा म्हटलं, एक दिवस सगळी भंगारवाल्याला देईन. यांना ते ऐकूच येत नसे.

हे विमान मात्र यांच्या जिवाचं होतं. पहिल्या महायुद्धात इथल्या निजामानं इंग्रजांना लढाईची विमानं घेऊन दिली. प्रत्येकावर हैदराबादचं नाव आणि नंबर लिहिलेला. त्यातली कितीतरी परतलीच नाहीत. "आपल्या गावाच्या नावाची विमानं, सरू, आणि गावात कुणाला पत्ता नाही," असं म्हणून हळहळायचे. याचं तयार सामान बाजारात मिळत नाही. जुन्या फोटोंवरून मापं काढून सगळा नकाशा यांनी स्वतः काढला, सहा महिने लावले. बांबूच्या काड्या मेणबत्तीवर धरून वाकवल्या. आत बसणारी दोन माणसंसुद्धा कोरून ठेवली, वाटाण्याएवढ्या डोक्यांची. अशा विमानाला पंखांच्या दोन जोड्या असतात, एकावर एक; ही खालची, पहिलीच.

आणि अशा माणसानं दोन डावे केले. सुलतान बाजारातून ट्रेसिंग पेपरचं भेंडोळं एका महिन्यात तीनदा आणलं, तेव्हा मी वयावर ढकललं होतं. यांनी भाजीत दोनदा मीठ घातलं, तेव्हा मी हसले होते. हे ढकलता येईना, हसता येईना. मी पंख होते तसे ठेवले आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे पुसत बसले.

कारण मी शब्द दिला होता.

यांचे थोरले भाऊ भगवंतराव नांदेडला शाळामास्तर होते. म्हातारपणी त्यांचं सगळं विस्कटलं. सकाळ झाली की सदरा घालून शाळेला निघायचे, आणि घरातले म्हणायचे, "गुरुजी, आज सुट्टी हाय." ते बिचारे माघारी येऊन बसायचे. तासाभरानं परत उठायचे, परत सुट्टी. सुना पदराआड हसायच्या. वाईट नव्हतं त्यांच्या मनात, पण तीन वर्षं त्या माणसाला घरात कुणी एक खरं वाक्य बोललं नाही. आम्ही शेवटचं भेटून परत येत होतो तेव्हा हे गाडीत खिडकीशी बसून म्हणाले, "सरू, माझं असं झालं तर मला सांगायचं. पहिल्या चुकीलाच. हसायचं नाही अन् हो ला हो करायचं नाही."

"तुमच्या चुका सांगायला मी कधी मुहूर्त बघितला का?" मी म्हटलं.

हे हसले नाहीत. "शब्द दे," म्हणाले. मी दिला.

दवाखान्यात मी लोकांना काय काय सांगितलंय. डॉक्टर निघून जायचे आणि नातेवाईक माझ्याकडे बघत उभे राहायचे. मी सांगायचे, डोळ्यांत डोळे घालून, न अडखळता. घरच्या माणसाला एक वाक्य सांगायला मला आठ दिवस लागले. रोज वाटायचं, आज त्यांच्याच लक्षात येईल. माझ्यासारख्या यातल्या अडाणी बाईला दिसलं ते यांना दिसणार नाही का? नाही दिसलं. नवव्या दिवशी दुपारी हे पंखांवर चढवायला कागद कापायला बसले, तेव्हा मी पदराला हात पुसत बाहेर आले.

"अहो, कात्री ठेवा जरा. पंख दोन्ही डावे झालेत."

हे हसले. "तुला काय कळतंय त्यातलं?"

"मग लावून बघा."

यांनी लावून पाहिला. सुलटा, पालथा, परत सुलटा. चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, नकाशाच चुकलाय. मग म्हणाले, "कोण आलतं इथं? कुणी हलवलं सामान?" हळूहळू यांचा चेहरा उतरत गेला. पेशंटला आपला आजार कळतो ते मी हजारदा पाहिलंय, पण या चेहऱ्यावर ते मला बघवेना.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"आठ दिवस."

"आठ दिवस तू माझा भगवंतदादा केलास," एवढंच म्हणाले. वर आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

थोड्या वेळानं उठले. रेषा मागूनही दिसाव्यात म्हणून नकाशाच्या कागदाला तेल लावून तो पालथा घातला आणि कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं लिहिलं, 'उजवा'. "बरं केलंस सांगितलंस," म्हणाले. त्या दिवशी एक भाकरी जास्त खाल्ली. मलाही छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं. म्हटलं, चला, शब्द पाळून झाला.

दुसऱ्या दिवशी बाजारातून आले तर हे दारातच उभे. "सरू, ये बघ. दोन्हीला कागद चढवला. पाणी मारल्यावर कसा ताणलाय बघ, ढोलकीवाणी." टेबलावर तेच दोन डावे पंख होते. लाल पेन्सिलीचा कागद गुंडाळून बाजूला पडला होता. काम इतकं सुबक की एक सुरकुती सापडणार नाही.

मी पिशवी खाली ठेवली आणि सांगितलं. हे हसले. "तुला काय कळतंय त्यातलं?" म्हणाले. मग पंख लावून पाहिला, सुलटा, पालथा. चष्मा पुसला. नकाशा चुकलाय म्हणाले. कोण आलतं म्हणाले. आणि मग तोच चेहरा, अगदी कालचा, जणू पहिल्यांदाच कळतंय. पहिल्यांदाच कळत होतं.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

तुम्हालाही कालपासून माहीत आहे, हे काही माझ्या तोंडातून निघेना. "आत्ताच बघितलं," मी म्हणाले.

डॉक्टरकडे नेलं. त्यांनी आजाराचं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या. हे हात जोडून सगळं ऐकत होते. शेवटी विचारलं, "डॉक्टरसाहेब, हातातली कला आधी जाते की शेवटी?" डॉक्टर म्हणाले, प्रत्येकाचं वेगळं असतं. मी तोवर कुणासमोर रडले नव्हते, पण येताना रिक्षात माझ्या डोळ्यांना खळ नव्हता. हे माझा हात थोपटत होते आणि दोन दिवसांनी मला विचारत होते, ही दवाखान्याची फाइल कुणाची?

त्याच दिवशी तिसऱ्यांदा सांगितलं. तेव्हा आमची माधवी आली होती. गच्चीबावलीला कंपनीत आहे, महिन्यातून एकदा येते. तिनं सगळं दारात उभं राहून ऐकलं, आणि हे आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले तेव्हा मला स्वयंपाकघरात ओढलं.

"आई, कायको परत परत सांगतेस? दर वेळी त्यांना तोच शॉक. किती क्रुएल आहे हे."

"मी शब्द दिलाय त्यांना."

"शब्द घेतला ते पप्पा राहिलेत का आता? त्यांना आनंद मिळतोय तर मिळू दे. टाळ्या वाजव आणि बस."

मी तिला फाडफाड बोलले. तुझ्या काकांचे हाल बघितले नाहीस तू, म्हटलं. ती रडत निघून गेली. पण तिचं बोलणं माझ्या मनात घर करून बसलं. खरंच, कुणासाठी पाळतेय मी हा शब्द? दवाखान्यात एका माणसाला त्याचं मूल गेल्याचं एकदाच सांगावं लागतं. तोच माणूस रोज सकाळी येऊन विचारायला लागला तर काय सांगणार? मी थकले होते. खरं सांगते, मला त्यांच्यापेक्षा माझीच कीव येत होती.

रविवारी सकाळी घरभर कागद कडक करायच्या लॅकरचा वास सुटला. हे खिडकीशी बसून पंखांवर ब्रशानं पातळ हात देत होते. ऊन यायचं तिथे आतल्या फासळ्या एकेक दिसत होत्या.

"सरू, बघ गं. कसे झालेत?"

मी जवळ गेले. वाकून पाहिलं. आणि म्हणाले, "छान झालेत."

ब्रश थांबला.

"काय म्हणालीस?"

"छान झालेत म्हटलं."

यांनी ब्रश बाटलीवर आडवा ठेवला. पंखांकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहत राहिले. "चव्वेचाळीस वर्षं झाली लग्नाला," हळूच म्हणाले. "कचरा म्हणालीस. पसारा म्हणालीस. वास मारतोय म्हणालीस. छान कधी म्हणालीस?"

यांना कालचं आठवत नव्हतं, परवाचं आठवत नव्हतं, पण मी पुरती पाठ होते.

"काय चुकलंय?" यांनी विचारलं.

मी सांगितलं. या वेळी हे हसले नाहीत. पंख लावूनही पाहिला नाही. दोन्ही पंजे मांडीवर ठेवून ऐकत राहिले.

"कितव्यांदा सांगायलीस?"

"चौथ्यांदा."

यांनी लॅकरच्या बाटलीचं झाकण घट्ट लावलं. ब्रश थिनरमध्ये बुचकळून धुतला, चिंधीनं पुसला, त्याचे केस बोटांनी सरळ केले. हात जरासुद्धा थरथरत नव्हते.

"उद्या विचारलं तर परत सांगशील?"

"सांगीन."

"आज केलंस तसं नक्को करू."

"नाही करणार."

"अन् असं हळू नक्को सांगू. तू हळू बोललीस की भ्या वाटतं, काहीतरी मोठं झालंय म्हणून. नेहमीसारखं खेकसून सांग."

मी हो म्हणाले आणि आत जाऊन, नळ सोडून, पोटभर रडून घेतलं.

सोमवारी मी पोळ्या करत होते. बाहेरून हाक आली, "सरू, ये बघ, दोन्ही पंख झाले." मी गॅस बंद केला, पिठाच्या हातांनीच बाहेर गेले आणि कमरेवर हात ठेवून खेकसले, "दोन्ही डावे केलेत की. डोळे कुठं ठेवलेत?"

"तुला काय कळतंय त्यातलं?" हे म्हणाले, आणि एक पंख उचलून सांगाड्याच्या उजव्या बाजूला लावू लागले. त्यांचे सगळे प्रश्न विचारून होईपर्यंत मी तिथंच उभी राहिले.