मंगळवारचे नऊ प्रश्न

दर मंगळवारी अकरा वाजता समुपदेशक बाईंचा फोन येतो. नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. त्रास जितका जास्त, तितके गुण जास्त. माझी लेक पलंगावर, मी शेजारी, मध्ये फोन, स्पीकर चालू. दीड महिन्यापूर्वी तिनं गोळ्या खाल्ल्या, त्या दिवसापासून मी तिला क्षणभर एकटं सोडलेलं नाही. खोलीची कडीसुद्धा काढून टाकली.

पहिल्याच फोनआधी मी तिला बजावलं होतं, "उगाच रडगाणं गाऊ नकोस. परत दवाखान्यात ठेवतील." स्वतःला फार शहाणी समजते ना मी!

"झोप लागत नाही, असं होतं?" बाईंनी विचारलं.

"शून्य."

रात्रभर ती छताकडे बघत होती आणि मी तिच्याकडे.

"जेवावंसं वाटत नाही?"

"शून्य." सकाळचा चहा उशाशी तसाच, वर साय धरलेली.

"मरावंसं वाटतं?"

तिनं आधी माझ्याकडे बघितलं. "शून्य."

"छान. सलग तीन आठवडे सगळे शून्य. मग हा आपला शेवटचा फोन. फाईल बंद करते."

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. या एका फोनशिवाय आमच्या हातात होतं काय? मी फोनवर झडप घातली. "खोटं बोलतेय हो ती! मीच शिकवलंय. बंद नका करू, पाया पडते तुमच्या."

बाई म्हणाल्या, "काकू, तुम्ही दर वेळी तिथंच असता? मला इथून दिसत नाही हो. आता बाहेर जाल? दार लावून?"

"आणि तिनं काही केलं तर?"

"मी आहे ना लाइनवर. तुम्ही परत येईपर्यंत फोन ठेवणार नाही."

पाय उचलत नव्हता. लेक खाली बघत होती. थांब म्हणाली नाही. मी बाहेर आले, दार ओढलं आणि त्यालाच कान लावून बसले. जित्याची खोड!

आत पुन्हा पहिल्यापासून प्रश्न सुरू झाले. या वेळी प्रत्येकाला तीन. मरावंसं वाटतं, यालाही तीन.

"हे आईला का नाही सांगितलंस?" बाईंनी विचारलं.

"सांगितलं की ती रडते," माझी पोर म्हणाली. "मग तिलाच समजावत बसावं लागतं. माझ्यात आता तेवढा जीव नाही उरला."

मी उठले आणि जिन्यापर्यंत चालत गेले. रडू आवरत नव्हतं, निदान तिला ऐकू जायला नको होतं.