चेन का पडते

तिसऱ्यांदा चेन पडली तेव्हा धाकटी हनुवटीवर पाच टाके घेऊन घरी आली, आणि थोरलीने आधी सायकलकडे पाहिलं. बहिणीकडे नंतर. हे चुकलं, हे तिला तेव्हाही कळलं, पण राग आला की थोरलीला आधी यंत्र दिसायचं आणि मग माणूस.

घराच्या खालच्या मजल्यावर सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. बाबांनी ते चाळीस वर्षं चालवलं, आणि डोळे अधू झाल्यावर पाना थोरलीच्या हातात दिला. धाकटी डोंगरातल्या शर्यतींत उतरायची. सायकल तिची, देखभाल थोरलीची. येत्या रविवारी निवडीची शर्यत होती. पहिल्या चौघींत आली तर संघात जागा, नाही तर पुढच्या वर्षी वय तिला परवानगी देणार नव्हतं.

"दगडांच्या उतारावर पडली चेन," धाकटी म्हणाली. "पॅडल मारायला गेले तर पाय नुसता हवेत. तोंडावरच आपटले."

थोरली उकिडवी बसली. मागच्या गिअरवरची बोटभर खिट्टी तिने पाहिली. खिट्टी खाली होती. तिच्या डोक्यात तिडीक गेली.

या सायकलीला पॅडलपाशी एकच दातेरी चक्र होतं. दोन-तीन चक्रं असली की चेन धरून ठेवायला पुढे एक पिंजरा तरी असतो, इथे तोही नाही. चेन जागेवर राहायची ती दोनच गोष्टींच्या जोरावर. एक म्हणजे चक्राचे दाते, एक जाड आणि एक बारीक, चेनच्या रुंद-अरुंद कड्यांत बरोबर फसणारे. दुसरी म्हणजे मागच्या गिअरमधला क्लच. गिअरचा खाली लोंबणारा हात तो ताठ धरतो, त्यामुळे खाचखळग्यांत चेन उसळत नाही. खिट्टी वर म्हणजे क्लच चालू, खाली म्हणजे बंद. मागचं चाक काढताना ती खाली करायची आणि चाक बसवलं की आठवणीने वर. शेंबड्या पोराला जमेल एवढं काम.

पहिल्यांदा चेन पडली तेव्हा थोरलीने स्वतःलाच शिव्या घातल्या होत्या. चक्र नवं टाकलं, चेन नवी टाकली, दोन कड्या कापून बेताची केली. दुसऱ्यांदा पडली तेव्हा खिट्टी खाली सापडली, म्हणून धाकटीला अर्धा तास भाषण दिलं. आणि आता तिसऱ्यांदा पुन्हा तेच.

"किती वेळा सांगितलं तुला? चाक काढलंस की खिट्टी वर करायची!"

"मी चाक काढलंच नाही, ताई. अख्खी सायकल गाडीच्या मागे बांधून नेली."

"मग काय भुताने हात लावला?"

"मला काय माहीत? मी नाही लावला."

"खोटारडी आहेस तू. आधी घाईघाईत गिअर टाकतेस, मग दुकानाला नावं ठेवतेस."

धाकटीचे टाके ओढले जात होते, म्हणून ती ओठ न हलवता भांडत होती. ते थोरलीला जास्तच झोंबत होतं. "शनिवारी सकाळीच सायकल नेणार मी," ती दातांतून म्हणाली. "चौकातल्या मोठ्या दुकानात दाखवते. तुझ्याच्याने होत नसेल तर दुसऱ्याच्याने होईल."

थोरलीला हे थोबाडीत बसल्यासारखं लागलं. बापाचं दुकान असताना घरची सायकल चौकात जाणार, आणि सगळी आळी ते बघणार. शुक्रवारचा अख्खा दिवस ती त्या सायकलीशी झटली. चक्राचा एकेक दाता पाहिला, चेनची कडी न् कडी तपासली, चेन सरळ रेषेत धावते का ते स्टँडवर लावून दहा वेळा पाहिलं. शेवटी खिट्टी वर केली. सायकलीत कुठे खोट सापडत नव्हती, म्हणजे खोट बहिणीतच होती. तिला तसं वाटत होतं आणि तसं वाटलं की बरंही वाटत होतं.

शनिवारी सकाळी ती चहा घेऊन जिना उतरली तेव्हा बाबा सायकल पुसत होते. पुसण्याचं काम त्यांनी कुणाला दिलं नव्हतं. कुठलीही सायकल त्यांच्या फडक्याखालून गेल्याशिवाय गिऱ्हाइकाला मिळत नसे. बाबांनी अंगठ्याने गिअरचा तो लोंबता हात पुढे ढकलून पाहिला. तो ताठ होता. त्यांनी 'च्च' केलं, बोटांनी चाचपत खिट्टी शोधली, खाली केली. पुन्हा ढकलून पाहिला. आता तो सैल हलला. बाबांनी समाधानाने मान डोलवली आणि तेलाची बाटली उचलली.

"बाबा!"

त्यांच्या हातून बाटली निसटली. "अगं, केवढ्याने ओरडतेस!"

"काय केलंत तुम्ही?"

"मोकळं केलं. जाम झालं होतं." मग त्यांनी आवाज खाली आणला. "दर वेळी जामच असतं हे. तुझ्याकडून राहून जातं बहुतेक. म्हटलं, चारचौघांत पोरीची चूक कशाला काढायची? आपणच गुपचूप करून टाकावं."

थोरलीची तळपायाची आग मस्तकात गेली. "ते जाम नाहीये! ते तसंच ताठ असायला हवं! तुमच्यामुळे तिची हनुवटी फुटली, बाबा, तुमच्यामुळे!"

बाबा हत्यारांच्या पेटीवर बसले. हातातलं फडकं त्यांनी गुडघ्यावर ठेवलं. मग ते म्हणाले, "मला कुणी सांगितलं नाही."

आणि ते खरं होतं. दोन वर्षांपूर्वी ही सायकल दुकानात आली तेव्हा बाबांनी वाकून विचारलं होतं, हा हात एवढा ताठ का गं? दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. थोरली म्हणाली होती, राहू द्या बाबा, तुम्हाला यातलं नाही कळायचं. गिऱ्हाइकं हसली होती. त्यानंतर बाबांनी तिला काही विचारलं नव्हतं. जे हलतं ते हाताला हलकं लागलं पाहिजे, हे त्यांनी चाळीस वर्षं पाळलं होतं आणि तिलाही तेच शिकवलं होतं. कुणी काही सांगेना, म्हणून त्यांच्या हातांनी जे येत होतं ते केलं.

राग होता तेवढाच होता. फक्त तो काढायला आता समोर ती स्वतःच उरली होती, आणि स्वतःवर ओरडण्यात तिला काडीचीही मजा येत नव्हती.

तेवढ्यात धाकटी आली. हनुवटीवर पट्टी, चेहरा फुगलेला. तिने सरळ सायकलच्या हँडलला हात घातला. खिट्टी वर करायची आणि गप्प बसायचं, एवढं सोपं होतं. बाबांनी ब्र काढला नसता. थोरलीने तो विचार केला, आणि केला म्हणून तिला स्वतःची शिसारी आली.

"थांब," ती म्हणाली. "खिट्टी तू नव्हती खाली केलीस."

"मग कोणी?"

"मी गं..." बाबांनी सुरुवात केली.

"ती कशासाठी असते हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं!" थोरली जवळजवळ किंचाळली. "त्यांनी विचारलं तर तोंड बंद केलं त्यांचं, लोकांसमोर. आणि तुला खोटारडी म्हटलं. कळलं?"

"तू माफी मागतेयस की भांडतेयस?"

"दोन्ही!"

धाकटी हसली नाही. तिने हँडल सोडलं, स्टूल ओढलं आणि बाबांशेजारी बसली. "सांग आता त्यांना. पहिल्यापासून सांग. मी पण ऐकते."

थोरली सांगू लागली. आवाज चढलेलाच होता, तरी बाबा लक्ष देऊन ऐकत होते. त्यांनी चक्रावर बोट फिरवलं. "एक जाड, एक बारीक. आणि चेन एक कडी सरकून बसली तर?"

"तर दात्यांवर चढून बसते. मग पडणारच."

"म्हणजे बसवताना बघायला हवं. तू बघितलंस?"

"बघितलंय हो, दहादा!"

तरी बाबांनी पूर्ण चक्र बोटाने मोजलं. थोरली दात खाऊन उभी राहिली. तिचं काम असं कुणी तपासलं नव्हतं.

"बरोबर आहे," बाबा म्हणाले.

धाकटी उठली. "उद्या सायकल इथूनच नेणार. चौकात नाही जात." थोरलीने श्वास सोडला. "पण निघताना शेवटची तपासणी बाबांची. तुझी नाही."

"त्यांची? अगं, तासाभरापूर्वी त्यांना हे ठाऊकही नव्हतं!"

"म्हणूनच. नसेल ठाऊक तर ते विचारतील," धाकटी म्हणाली. "तू मला दोन वेळा सुनावलंस, ताई. विचारलं एकदाही नाहीस."

थोरलीला इतका राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तरी ती वाकली, अजून खालीच असलेली खिट्टी तिने वर केली, बाबांचं बोट तिच्यावर नेलं आणि विचारलं, "बरोबर आहे का, बाबा?"